लाकडातली अळी नक्की कोणाची? वादाची पार्श्वभूमी

लाकडात सापडलेली अळी कोणत्या भुंग्याची हे ठरवायला डीएनएमधला एकच जीन पुरेसा आहे का, असा हा वाद आहे. 1758 पासून भुंग्यांना जी शास्त्रीय नावं मिळत गेली ती जवळपास सगळी पूर्ण वाढलेल्या भुंग्यांवरून. अळ्यांकडे फारसं कोणी बघत नव्हतं, 19व्या शतकाच्या उत्तरार्धात एका डॅनिश अभ्यासकाने त्यांचे जबडे-मिशा बारकाईने चितारल्या तेव्हा कुठे गाडी हलली. पुढच्या शंभरेक वर्षांत ओळखीच्या खुणा पक्क्या होत गेल्या. हुमणीसारखी वाकडी अळी असेल तर भिंग घेऊन सरळ गुदद्वाराची चीर बघायची, उभी असेल तर स्टॅग बीटल (ज्याच्या नराचे जबडे शिंगांसारखे असतात तो भुंगा), आडवी असेल तर बहुतेक गेंडा भुंग्याच्या कुळातली. पण अशा खुणा कुळापर्यंत नेतात, फार तर वंशापर्यंत. जातीसाठी अळी पाळणं हाच भरवशाचा मार्ग होता, कारण भुंगा बाहेर आला की कोषाच्या पोकळीत अळीची शेवटची कात, डोकं-जबड्यांसकट, पडलेली असते आणि दोघांची सांगड पुराव्यानिशी बसते. फक्त वेळ फार लागतो, स्टॅग बीटलच्या काही अळ्या पाच-सहा वर्षंही घेतात.

परदेशी मालाच्या लाकडी पेट्यांतून अळ्या येतात त्या बंदरांवर एवढा वेळ कोणाकडे असणार! 1996 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियाई लाँगहॉर्न हा झाडं पोखरणारा लांब मिशांचा भुंगा सापडला, 2002 मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅश झाडं मारणारा हिरवा ज्वेल बीटल (चमकदार भुंगा), आणि त्याच वर्षी पॅकिंगचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवायचा आंतरराष्ट्रीय नियम आला. तरी पेट्यांमधून अळ्या निघतातच, आणि त्यांचं नाव आजच्या आज हवं असतं.

म्हणून 2003 मध्ये मांडलेलं डीएनए बारकोडिंग अनेकांनी उचलून धरलं. मायटोकाँड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या) एकाच जीनचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि डेटाबेसशी ताडून बघायचा. एकच जीन पुरेल का यावर तेव्हापासून जुंपलीये, आणि आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला तरी जास्त पटतं. या जीनच्या निकामी नकला पेशीच्या केंद्रकात असतात, कधी चुकून त्याच वाचल्या जातात, जवळच्या जातींमध्ये संकर झाला असेल तर आणखी घोळ, आणि डेटाबेसमधल्या मूळ भुंग्याचंच नाव चुकीचं असेल तर मशीन तेच चुकीचं नाव ठामपणे सांगणार. ते नाव शेवटी भुंगा हातात घेऊन माणसानेच दिलेलं असतं की.

आता बरेच जण अळीचा छोटा तुकडा डीएनएला देतात, डोकं-जबडे अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि त्याच ओंडक्यातल्या बाकीच्या अळ्या वाढू देतात. जुन्या संग्रहांची मात्र पंचाईत आहे, पाळून खात्रीने ओळखलेल्या कितीतरी अळ्या फॉर्मेलिनमध्ये ठेवल्यात, त्यातून धड डीएनए निघणं अवघड, त्यामुळे त्याच जाती पुन्हा पाळायला घ्याव्या लागतात.