थंडीतला बुतिया आणि नावाचा गुंता

रोपवाटिकेतून ‘बुतिया कॅपिटाटा’ अशी चिठ्ठी लावलेलं पामचं रोप आणलं, तर चिठ्ठीवरचं नाव बहुधा चुकीचं असतं. रोपात खोट नसते. कमानीसारख्या वळलेल्या निळसर-राखाडी झावळ्या, पिवळ्या-केशरी फळांचे घोस आणि उणे १० अंशांच्या आसपासची थंडी सोसण्याची ताकद. अमेरिकेत जॉर्जिया-कॅरोलिनाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा पाम कुणाच्या तरी अंगणात पाहिलेला असतो. तिथे त्याला जेली पाम किंवा पिंडो पाम म्हणतात. फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान धरते; पहिल्या नावाचा उलगडा एवढाच. दुसरं नाव मात्र उसनं आहे. ‘पिंदो’ हा ग्वारानी शब्द, आणि दक्षिण अमेरिकेत तो दुसऱ्याच पामसाठी वापरतात, ज्याला बागवाले क्वीन पाम म्हणून ओळखतात.

शास्त्रीय नावाचा घोळ याहून जुना. १८२६ मध्ये एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातल्या पामला ‘कॅपिटाटा’ नाव दिलं आणि त्याला नारळाच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसवलं. तेव्हा ते वावगं नव्हतं, कारण याच्या कोयीलाही नारळासारखे तीन डोळे असतात. १८९१ मध्ये ब्राझीलमधल्या एका अभ्यासकाने आणखी एका पामचं वर्णन ‘ओडोराटा’, म्हणजे सुगंधी, या नावाने केलं. हा दक्षिणेचा. पुढे १९१६ मध्ये एका इटालियन तज्ज्ञाने ‘बुतिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानली, ते योग्यच झालं. पण त्याच कामात त्याने सुगंधी पामला कॅपिटाटाचा नुसता एक प्रकार ठरवून टाकलं.

तज्ज्ञाची बाजूही समजून घ्यायला हवी. पामची अख्खी झावळी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर मावत नाही; तुकडे, वाळकी फुलं आणि कोया यांच्यावरच निवाडा करावा लागतो. तरीही हा निर्णय महागात पडला असंच मला वाटतं. एक पाम ब्राझीलच्या सेरादो माळरानाचा, दुसरा उरुग्वेच्या वाऱ्या-दवाचा. मधे सुमारे २,००० किलोमीटर. उत्तरेकडचं फळ लांबट, दक्षिणेकडचं गोलसर. उत्तरेत लोक त्याला ‘कोकिन्यो आझेदू’ म्हणतात, म्हणजे आंबट छोटा नारळ, आणि गर गोठवून विकतात. दक्षिणेत ‘बुतिया’ म्हणतात. बाजारातल्या माणसांनी कधी गल्लत केली नाही, ती कागदावरच झाली. २०११ मध्ये दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या झाल्या, पण तोवर जगभरच्या बागांत दक्षिणेचं झाड उत्तरेच्या नावाने रुजलेलं होतं. खऱ्या कॅपिटाटाला तेवढी थंडी झेपत नाही, त्यामुळे आता बी मागवताना नाव पाहण्यापेक्षा ते कुठून आलं हे विचारावं.

लावायला झाड सोपं, पण वेळखाऊ. कोय टणक, उगवायला कित्येक महिने, कधी वर्षही. पाणी साचू द्यायचं नाही. क्वीन पामशी याचा संकर फ्रान्समध्ये १८९० च्या दशकातच झाला होता. त्याला खेचर पाम म्हणतात, आणि खेचरासारखाच तोही सहसा वांझ असतो. फळासाठी लावत असाल तर तो नको.

फळाची चव जर्दाळू आणि अननस यांच्या मधली, गर रायवळ आंब्यासारखा धागेदार. चोखायचं आणि चोथा थुंकायचा. उरुग्वेच्या रोचा प्रांतात उन्हाळा सरताना जॅम आणि मद्यार्कात मुरवलेलं फळ रस्त्याकडेला विकायला असतं. दक्षिण ब्राझीलमध्ये तर अचंबा वाटला की लोक म्हणतात, ‘खिशातले बुतिया गळून पडले!’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किनारपट्टीवर झावळ्यांचा काथ्या गाद्या भरायला जात असे. स्पंज आला आणि तो धंदा बसला.

रोचातली बुतियाची वनं आता म्हातारी झाली आहेत. उरुग्वेत १९३९ मध्येच पाम तोडायला कायद्याने बंदी आली, १९८७ च्या वनकायद्यात ती पुन्हा घातली गेली. कुऱ्हाड थांबली, पण गुरांचं तोंड थांबलं नाही. सतराव्या शतकात या भागात आलेली गुरं आजही कोवळी रोपं खुडतात. उभी झाडं बहुतेक दोन-तीनशे वर्षांची, आणि त्यांच्या पायाशी पोरवयाचं झाड शोधून सापडत नाही. पलीकडे अर्जेंटिनात, एन्त्रे रिओसमध्ये, बुतियाच्याच प्रजातीतल्या याताय नावाच्या पामच्या वनाला १९६० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान केलं, गुरं बाहेर काढली आणि तिथे रोपांची गर्दी झाली. रोचात जमीन खासगी, गुरं हेच मालकाचं पोट. म्हणून तिथे हिवाळ्यापुरतीच गुरं बाहेर ठेवून पाहिली जातात, कारण गवत खुरटलं की रोपांवर तोंड पडतं ते तेव्हाच.