पतंगनोंदी, घरबागेतील (पुणे)

अंगणात, गच्चीवर किंवा गॅलरीतल्या कुंड्यांपाशी येणारे पतंग आणि इतर जीव पाहून तारीख, वेळ व ठिकाणासह त्यांची नोंद ठेवण्याचा छंद. पुण्याला तो चांगला मानवतो. सह्याद्रीची धार जवळ आहे, आणि वेताळ, पर्वती, तळजाई या टेकड्या तर शहराच्या पोटातच आहेत. बोलीभाषेत दिव्यावर येणारं सगळं ‘पाखरं’ या एका शब्दात बसतं. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पाण्याची परात ठेवून जी पाखरं बुडवतात, ती मात्र बहुतेक पंख फुटलेली वाळवी असते, पतंग नव्हे.

पतंग आणि फुलपाखरं एकाच खवलेपंखी गणातले कीटक. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती आहेत, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. पतंग मळकट आणि फुलपाखरू रंगीत, हा समज तगरीचं झाड दारात असलेल्या घरात फार टिकत नाही.

तगरीवर किंवा कण्हेरीवर वाढणारा पतंग हिरव्या-गुलाबी पट्ट्यांचा असतो, लष्करी गणवेश घातल्यासारखा. तो क्वचित दिसतो, त्याची अळी मात्र हमखास सापडते. आधी झाडाखालच्या फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळसर लेंड्या दिसतात. मान वर करून पाहावं तर शेंडे बोडके झालेले. अळी बोटभर, पोपटी, शेपटीकडे आखूड शिंग. डिवचली की पुढचा भाग फुगवते आणि पांढरे-निळे दोन डोळे वटारते. ते खरे डोळे नव्हेतच, नुसते ठिपके. कोशात जाण्याआधी तिचा रंग तपकिरी होतो आणि ती खाली उतरून पालापाचोळ्यात शिरते. माळीबुवा तिला कीड म्हणून चिरडतात. तगर मात्र पुढच्या पावसात पुन्हा फुटते.

लिलीच्या कुंडीत काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्यांची टोळी पानं फस्त करते. गुळवेलीवर कमान करून बसणारी अळी आढळते. तिचा पतंग सोंडेने संत्री-डाळिंबं भोसकतो, त्यामुळे बागाईतदारांचा त्याच्यावर राग. अळी कोणत्या झाडावर सापडली हे लिहिलेली एक नोंद नुसत्या सुंदर फोटोंच्या दहा नोंदींना भारी असते.

रात्रीच्या नोंदीसाठी जुनी पांढरी चादर किंवा धोतर दोरीवर टांगून समोर दिवा लावतात. अतिनील प्रकाश देणारा दिवा उत्तम. घरगुती एलईडीवर कमी पतंग येतात. जून ते ऑक्टोबर हा हंगाम, त्यातही अमावास्येच्या आसपासची दमट, वारा पडलेली रात्र. पतंग दिव्यावर जीव ओवाळतो, हे कवितेपुरतं ठीक. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार उडते कीटक पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. आकाशाऐवजी बल्ब उजळ दिसला की ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. म्हणून दहाच्या सुमारास दिवा बंद करणं बरं. नाहीतर सकाळी दयाळ आणि बुलबुल न्याहारीला हजर असतात. चादरीचा खटाटोप नको असेल तर सोसायटीच्या जिन्यातला रात्रभर जळणारा दिवा हा फुकटचा सापळा आहे. झाडू फिरण्याआधी तिथली भिंत पाहावी.

फोटो पंख मिटलेले असताना वरून, आणि जमल्यास बाजूने घ्यावा. बारीक तपकिरी पतंगांपैकी बऱ्याच जाती जननेंद्रिये तपासल्याशिवाय ओळखता येत नाहीत. तिथे कुळापर्यंतच थांबावं, नाव ठोकून देऊ नये. भारतातील पतंगांच्या ओळखीचा जुना पाया ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात लिहिलेल्या चार खंडांत आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. सर्वसामान्य नोंदकर्ते २००८ पासून सुरू असलेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवतात. तिथे स्थान पुसट ठेवण्याची सोय वापरावी, कारण नोंद म्हणजे आपल्या घराचा पत्ताच. २०१२ पासून जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताह पाळला जातो. तेव्हा पुण्यात पाऊस ऐन जोरात असतो आणि चादर वाळत नाही.

त्याच चादरीवर भुंगेरे आणि खंडोबाचे किडे येतात, त्यांच्यावर टपलेल्या पाली येतात आणि पायाशी एखादा भेकही. दिवसाच्या वहीत शिंजीर आणि शिंपी हे पक्षी, शिवाय सरडा. कढीपत्त्यावर चिकटलेली पक्ष्याची शीट हलली, तर ती लिंबू फुलपाखराची लहान अळी समजावी. त्याचाच भाऊबंद नीलवंत २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे; त्याची अळीही लिंबू-पपनसाच्या कुळातल्या झाडांवर वाढते.