ग्रामीण पाणीपुरवठा व स्वच्छता : आरोग्यावरील परिणाम (नाशिक जिल्हा)

अतिसार, पटकी, विषमज्वर, ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ आणि जंत हे रोग मुख्यतः विष्ठेतील जंतू पाणी, अन्न किंवा मातीवाटे पोटात गेल्याने होतात. त्यामुळे सुरक्षित पाणी, शौचालयाचा वापर आणि साबणाने हात धुणे यांनी त्यांचा प्रसार खुंटतो. नारूवर, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या कृमीच्या रोगावर, लस नाही आणि खात्रीचे औषधही नाही. तरीही पायऱ्यांच्या विहिरींऐवजी सुरक्षित पाण्याची सोय, पाणी गाळून पिणे आणि रुग्णांचा नेटाने शोध यांच्या बळावर २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो, परंतु काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अशा वेळी पाड्यांवरच्या बाया विहिरीत उतरून झऱ्याचे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. इतक्या कष्टाने आणलेले पाणी आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला लागते. हात धुणे व शौचालयात पाणी ओतणे मागे पडते. म्हणूनच येथे पाण्याच्या शुद्धतेइतकेच त्याचे प्रमाणही आरोग्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. येवला, नांदगाव, सिन्नर या अवर्षणप्रवण तालुक्यांतही टंचाईत टँकरवर अवलंबून राहावे लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

पहिल्या पावसात शिवारातील घाण उघड्या विहिरीत वाहून येते आणि गॅस्ट्रोची साथ पसरण्याचा धोका वाढतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनयुक्त भुकटी) टाकतो. अर्ध्या तासानंतरही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. पाणी गढूळ असेल, तर नेहमीची मात्रा अपुरी पडते.

केवळ बांधकामाने मात्र रोग हटत नाहीत. ओडिशातील १०० गावांच्या अभ्यासात (२०१४) शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी मुलांमधील अतिसार घटला नाही. कारण वापर अपुरा होता आणि अनेक घरे शौचालयाविना राहिली होती. एका घराची उघड्यावरची विष्ठा शेजारच्या मुलालाही बाधते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. भेगाळलेल्या कातळात तर शोषखड्ड्यातील जंतू विहिरीपर्यंत सहज पोहोचू शकतात; म्हणून शौचालयाची जागा ठरवण्यापूर्वी विहिरीचे अंतर आणि जमिनीचा उतार पाहणे आवश्यक असते.