तेरा मिलिग्रॅमचा आवाज

अ‍ॅल्युमिनियम फॉइलची एक फीत कापली आहे असं समजा. रुंदी ८ मिलिमीटर, लांबी ६० मिलिमीटर आणि जाडी १० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण सातवा भाग. वजन भरेल जेमतेम १३ मिलिग्रॅम. शेजारी कुणी सुस्कारा टाकला तरी ही फीत टेबलावरून उडून जाईल. पण तीच दोन चुंबकांच्या मधल्या फटीत सैलसर टांगली आणि तिच्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह सोडला, की झांजेची किणकिण आणि तारेवर नख घासल्याचा बारीक आवाज त्या चिटोऱ्यातून स्वच्छ ऐकू येतो. हा झाला रिबन ट्वीटर. स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या या भागात घरच्या घरी, हातांनी बनवून खरोखर चांगला वाजेल असा प्रकार मला तरी हाच दिसतो.

नेहमीच्या डोम ट्वीटरमध्ये कामाची वाटणी असते. हवा हलवतो तो छोटा घुमट आणि जोर लावते ती त्याच्या कडेला चिकटवलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल. वारंवारता फार वाढली की घुमटाचा मधला भाग कडेचं ऐकेनासा होतो आणि जागोजागी वेगवेगळा थरथरू लागतो. रिबनमध्ये ही वाटणीच नाही. फीत हीच गुंडाळी आणि फीत हाच पडदा. चुंबकीय क्षेत्र तिच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातं, प्रवाह लांबीच्या दिशेने वाहतो. शाळेतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावून पाहिला, तर अंगठा थेट ऐकणाऱ्याकडे रोखला जातो किंवा त्याच्या बरोबर उलट दिशेला. फीत सगळीच्या सगळी एकदम ढकलली जाते.

कल्पना जुनी आहे. सीमेन्समध्ये काम करणाऱ्या वाल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी ती १९२४ साली मांडली. डायोडमुळे ज्यांचं नाव इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी असतं तेच हे शॉट्की. गेरलाख मात्र भौतिकशास्त्रातल्या प्रसिद्ध स्टर्न-गेरलाख प्रयोगातले नव्हेत, ते वॉल्थर गेरलाख. पुढे आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी हीच फीत उलट वापरून नावाजलेले मायक्रोफोन बनवले. स्पीकर म्हणून रिबन कायम थोडा दूरच राहिला, कारण पुरेसे जोरदार चुंबक त्या काळी बोजड होते. १९८०च्या दशकात निओडायमियमचे चुंबक आले आणि बोटाएवढ्या पट्ट्यांनी ते काम होऊ लागलं. आजचा घरगुती रिबन त्यांच्या जिवावर उभा आहे.

आता या फितीचा विचित्र स्वभाव. वरच्या मापांची फीत घेतली तर तिचा रोध निघतो सुमारे ०.०२ ओहम. अ‍ॅम्प्लिफायरला समोर ४ ते ८ ओहम दिसावे लागतात. फीत थेट जोडली तर त्याच्या दृष्टीने तो शॉर्टसर्किटच. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मर रोधाचं रूपांतर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने करतो. ८ भागिले ०.०२ म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला २० वेढे आणि फितीच्या बाजूला फक्त एक, किंवा ४०ला २. तो एक वेढा तारेचा नसतो, रुंद तांब्याच्या पट्टीचा असतो. गोल कड्यासारख्या गाभ्यावर दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना जितक्या चिकटून असतील तितके वरचे स्वर कमी गळतात.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा एक मीटर तुकडा घेतला तर त्याचाच रोध ०.०१७ ओहम असतो. ट्रान्सफॉर्मरपासून फितीपर्यंत अशी मीटरभर तार टाकली, तर जवळजवळ अर्धी शक्ती तारेतच उष्णता होऊन जाते आणि माणूस चुंबकांना दोष देत बसतो. ट्रान्सफॉर्मर फितीच्या पाठीलाच लागला पाहिजे. जोडही तितकेच महत्त्वाचे. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे साधं सोल्डर त्याला धरत नाही. फितीची टोकं घासलेल्या तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून स्क्रूने आवळायची, हाच खात्रीचा उपाय.

रिबन ‘वेगवान’ वाजतो असं शौकीन मंडळी म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. २०,००० हर्ट्झचा सूर घुमटाने काढला काय नि फितीने काढला काय, सेकंदाला आवर्तनं २०,०००च व्हायची. हलकेपणाचं खरं कारण वेगळं आहे. डोमच्या गुंडाळीत कितीतरी वेढे असतात, इथे तार म्हणून आहे ती ६० मिलिमीटरची एकच. फटीत अर्धा टेस्ला क्षेत्र मिळालं, आणि हे काही कमी नव्हे, पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण १०,००० पट झालं, तरी १ वॅटला फितीतून ७ अँपिअर वाहून जोर लागतो ०.२ न्यूटन. वीस ग्रॅमच्या वजनाइतका! २५ मिलिमीटरच्या घुमटाचं क्षेत्रफळ आपल्या फितीएवढंच असतं, पण गुंडाळीसकट त्याचं वजन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. एवढ्या जोराने तो कुरकुरत हलला असता. १३ मिलिग्रॅमला मात्र हाच जोर, हवेचा भार सोडला तर, गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १६०० पट त्वरण देतो. दुबळ्या मोटरला हलकं ओझं, असा हा व्यवहार आहे.

चुंबक बसवताना एक खूण लक्षात ठेवावी. समोरासमोरचे दोन चुंबक एकमेकांना ओढत असतील तर मांडणी बरोबर आहे. ढकलत असतील तर फटीच्या मधोमध क्षेत्र एकमेकांना मारतं आणि फीत मुकी राहते. मागून लोखंडी पट्ट्यांनी चुंबकीय वाट पूर्ण केली की फटीतलं क्षेत्र आणखी वाढतं. फीत रुंद करायचा मोह आवरावा, कारण फट रुंदावली की क्षेत्र पडतं. आणि बोटं सांभाळावीत. हे चुंबक एकमेकांवर आदळले की कातडी चिमटतात, स्वतःही फुटतात. माझी पहिली फीत गेली ती पोलादी चिमट्यामुळे. हातातून सुटून तो सरळ फटीत घुसला आणि मागे चिंधी उरली. तेव्हापासून चिमटा प्लॅस्टिकचा, स्क्रू पितळेचे.

फीत कापायची ती दोन कागदांमध्ये धरून, काचेवर, कोऱ्या ब्लेडने, एका झटक्यात. कडेला बारीकशी खाच राहिली तर फाटायला सुरुवात तिथूनच होते. मग तिला चुण्या पाडायच्या. एकमेकांत बसणारे दोन सारखे दंतचक्र घेऊन त्यांच्यामधून फीत अलगद फिरवली की आडव्या चुण्यांची नक्षी उमटते. या चुण्यांनी फीत लांबीच्या दिशेने स्प्रिंगसारखी लवचीक होते आणि रुंदीच्या दिशेने ताठ. बसवताना ती ताणायची नाही. ताण जास्त झाला तर तिचा स्वतःचा सूर वर सरकतो आणि ऐकायच्या पट्ट्यात येऊन बसतो. कडा आणि चुंबक यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी जागा ठेवावी, नाहीतर पुढचा दाब मागे निसटतो. घासली मात्र जाता कामा नये. एका बैठकीत हे जमलं तर नशीब. पाच-सहा फिती आधीच कापून ठेवाव्यात.

पाठीमागे लोकर किंवा नमदा भरलेली छोटी पेटी, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर अडवणारा कपॅसिटर. हा टाळताच येत नाही. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली तर फितीला चौपट हलावं लागतं, आणि हिच्याकडे हलायला जागा असते ती मिलिमीटरच्या अंशांत. ३,००० हर्ट्झच्या खालचं काम तिला देऊ नये. शिवाय ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी खालच्या वारंवारतांना जवळजवळ शॉर्टच असते, तेव्हा मधला कपॅसिटर अ‍ॅम्प्लिफायरचाही जीव वाचवतो.

रिबनचा एक दोष मात्र कितीही कारागिरी केली तरी जात नाही. फीत अरुंद असल्यामुळे आवाज डावी-उजवीकडे छान पसरतो, पण ती उभी लांब असल्यामुळे वर-खाली तो झोतासारखा आकसतो. २०,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी १७ मिलिमीटर, फीत ६० मिलिमीटर. हिशेब केला तर १६ अंश वर गेल्यावर तो सूर जवळपास नाहीसा होतो. दोन मीटरवर बसलेला माणूस नुसता उठून उभा राहिला की कान एवढे वर जातात. म्हणून ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा आणि गाणं बसून ऐकायचं.

जोडणी झाली की लगेच अ‍ॅम्प्लिफायर लावू नका. ट्रान्सफॉर्मरची २० वेढ्यांची बाजू एखाद्या रेकॉर्डरच्या मायक्रोफोनच्या खाचेत जोडा, हेडफोन कानाला लावा आणि हातभर अंतरावरून फितीशी बोला. सगळे जोड नीट असतील तर तुमचाच आवाज क्षीण पण स्पष्ट ऐकू येईल. खरखर आली तर फीत कुठेतरी घासते आहे. काहीच आलं नाही तर टोकांचे स्क्रू पुन्हा पाहा. हातभर अंतर एवढ्यासाठी, की ‘फ’ आणि ‘भ’ जवळून उच्चारले तरी फितीच्या चुण्या सपाट होतात.