रंध्याचं तोंड, टाच आणि बेडूक

नागपुरातल्या लकडगंजच्या एखाद्या मिस्त्रीला लाकडी रंध्याचे भाग विचारा. उत्तर चटकन संपतं: लाकूड, पातं, पाचर, मूठ आणि ढलपी बाहेर पडते ते तोंड. लोखंडी रंधा पुढे ठेवला की तोच मिस्त्री बॉडी, ब्लेड, कॅप, लिव्हर, नॉब, फ्रॉग असं इंग्रजीत मोजू लागतो. रंधा एकच, काम एकच, मग भागांची भाषा का बदलते?

नागपूर भागात लाकूडकामाची अवजारं फार जुनी आहेत. माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणयुगीन दफनांत लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या सापडल्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसं. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. इथल्या काही कुऱ्हाडींना नेढं, म्हणजे दांडा घालायचं भोक, नाही. चपटं पातं आणि लाकडी दांडा लोखंडी पट्ट्यांनी आडवेतिडवे आवळलेले. आज कुऱ्हाडीचे भाग सांगताना आपण नेढं पहिलं सांगतो. त्या कारागिराला ते सांगताच आलं नसतं. त्या पट्टीला तो काही तरी म्हणत असणार, पण पट्टी गेली आणि तिचं नावही गेलं.

अवजारांची आपली नावं दोन थरांची आहेत. खालचा थर संस्कृत-प्राकृताचा. करवत करपत्रावरून आली, तासणी आणि तासणं ‘तक्ष्’ धातूवरून. विदर्भात आडनाव म्हणून टिकलेला वाढई हा मूळचा वर्धकी. वरचा थर फारसीचा. रंधा म्हणजे फारसी ‘रंदा’. तुर्कस्तानातही रंध्याला ‘रेंदे’ म्हणतात. खिळे उपटायचा अंबूर फारसी ‘अंबुर’वरून. खतकस म्हणजे ‘खत’, फारसीत रेघ, ओढणारा. सगळ्यांत लांबून आला तो गुण्या: ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोन, तो फारसीतून आपल्या काटकोन्यापर्यंत पोचला. भोसल्यांच्या काळात नागपूरच्या महाल भागातला राजवाडा लाकडी कोरीवकामाने भरला होता, तो 1864 मध्ये जळाला. ते कोरणाऱ्यांच्या पेटीत या दोन्ही थरांची अवजारं शेजारी शेजारी असणार.

मात्र ही नावं अख्ख्या अवजारांची आहेत, भागांची फारशी नाहीत. माझ्या मते कारण साधं आहे. पातं लोहार घडवायचा, लाकूड सुतार स्वतः तासायचा, पाचर तर हाताशी पडलेल्या तुकड्याची. पातं खालीवर करायला हातोडीची टिचकी पुरे. भाग मोडला तर कारागीर तो स्वतःच करायचा, दुकानात नाव सांगून मागायची वेळच येत नसे.

इंग्लंडमध्येही लाकडी रंध्याची यादी छोटीच होती. जोसेफ मॉक्सन हा राजाचा नकाशातज्ज्ञ. त्याने 1678 पासून हस्तकलांवर पुस्तिका काढल्या आणि रंध्याच्या चित्रावर आकडे टाकून भाग लिहिले: तोंड, पातं, पाचर, तळवा, मूठ. पुढे इंग्रजीत रंध्याच्या पुढच्या टोकाला पायाचा अंगठा, मागच्याला टाच आणि बाजूंना गाल म्हणू लागले. तोंड दोन्हीकडे आहे, आणि तोंडाला दुसरं काय म्हणणार!

यादी लांबली ती बोस्टनच्या लेनर्ड बेलीमुळे. 1850 आणि 60 च्या दशकांत त्याने ओतीव लोखंडाच्या रंध्यांची पेटंटं घेतली. पातं आता लाकडातल्या उतारावर नव्हे, तर स्क्रूने बसवलेल्या एका तिरप्या ओतीव तुकड्यावर टेकतं. त्याला ‘फ्रॉग’ म्हणतात. घोड्याच्या खुराच्या तळव्यातला त्रिकोणी भाग आणि रेल्वेच्या रुळांच्या सांध्यातला एक भाग, हेही इंग्रजीत फ्रॉगच. वर पातं दाबणारी लिव्हर कॅप, ढलपी मोडणारं दुसरं पातं, खोली बदलणारी पितळी चकती. 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने बेलीचे हक्क घेतले आणि रंध्यांना दिलेले आकडे जगभर रूढ झाले: चार नंबर लाकूड गुळगुळीत करायचा, पाच नंबर जाडसर तासायचा जॅक, सात नंबर लांब जोडाचा. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने 1931 मध्ये तेच आकडे आधी शून्य लावून वापरले. प्रत्येक सुटा भाग आता विकत मिळू लागला, आणि विकत घ्यायच्या वस्तूला नाव लागतंच.

नागपुरात 1867 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल. अशा ठिकाणच्या वर्कशॉपमध्ये अवजार कारागिराचं नसतं, स्टोअरचं असतं, आणि मागणीची चिठ्ठी इंग्रजीत असते. स्वातंत्र्यानंतर आयटीआयने चित्राला बाण लावून हीच नावं पाठ करून घेतली. मराठी प्रतिशब्द पुस्तकात आले, तोंडात बसले नाहीत. ‘फ्रॉग’ला बेडूक म्हणणारा मिस्त्री मला तरी भेटलेला नाही.

आता विजेचा रंधा सर्रास चालतो. त्यात फ्रॉग नाही, पाचरही नाही. इतवारीतल्या दुकानाच्या काउंटरवर मिस्त्री मागतो ते कार्बन, बेल्ट आणि आर्मेचर. धार लावायला देताना मात्र म्हणतो, ‘पातं घासून दे.’