क्योटोच्या गल्लीतलं भाड्याचं घर : पार्श्वभूमी

जपानमधल्या क्योटो शहरात सुट्टीपुरतं छोटं घर भाड्याने घेतलं की किल्लीसोबत सूचनाही येतात. पासपोर्ट दाखवा, रात्री गल्लीत मोठ्याने बोलू नका, कचरा ठरलेल्या पद्धतीनेच टाका. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला हे जाचक वाटू शकतं. पण या सूचनांमागे काही शतकांचा गल्लीचा कारभार उभा आहे आणि तो माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

७९४ मध्ये राजधानी म्हणून वसलेल्या या शहराची मूळ आखणी चौकोनी होती. पुढे लोकांनी आपली वस्ती वेगळ्या हिशोबाने मोजायला सुरुवात केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरं मिळून एक ‘चो’, म्हणजे एक आळी. १४६७ ते १४७७ या काळातल्या ओनिन यादवी युद्धात शहराची राखरांगोळी झाली. त्यानंतरच्या अशांत दशकांत आपलं रक्षण आपणच करायचं, हे या आळ्यांच्या अंगवळणी पडलं. एडो काळापर्यंत (१६०३ ते १८६८) कित्येक आळ्यांचे लेखी नियम झाले होते. घर विकायचं तर आळीची संमती लागे आणि नको असलेल्या धंद्यांना तिथे मज्जाव असे. घर एकाच्या मालकीचं असलं, तरी तिथे कोण राहायला येतं हा साऱ्या आळीचा प्रश्न होता.

आज पर्यटक ज्या जुन्या घरांवर भाळतात, ती याच आळ्यांतली ‘माचिया’. दर्शनी भाग अरुंद आणि आत लांबी भरपूर, म्हणून स्थानिक लोक त्याला ईल माशाचं अंथरूण म्हणतात. रस्त्याकडे दुकान, मागे राहत्या खोल्या, मध्ये उजेड-वाऱ्यासाठी इवलीशी बाग. एका कडेने मातीच्या जमिनीचा लांब बोळ जातो. चूल त्यातच असायची आणि वर छत थेट कौलांपर्यंत उघडं, म्हणजे धूर वर निघून जाई. धंदा आणि संसार एकाच छपराखाली मावेल असं हे घर आहे. ते पाडून तिथे उंच इमारत उभी राहते तेव्हा नुसतं लाकूड जात नाही, जगण्याची एक रीत जाते.

ही घरं दिसतात तितकी प्राचीन मात्र नाहीत. १८६४ मध्ये राजवाड्याच्या दाराशी झालेल्या चकमकीतून आग पसरली आणि शहराचा मोठा भाग जळाला. आजची बहुतेक माचिया त्यानंतरची आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी क्योटोचं नाव अणुबॉम्बच्या यादीतून काढायला लावलं. पुढे घाव घातला तो शांततेच्या काळाने. १९५० च्या बांधकाम कायद्यानंतर जुन्या पद्धतीचं नवं लाकडी घर बांधणं जवळपास अशक्य झालं. जमिनीचे भाव आणि वारसा कर वाढत गेले, तरुण पिढी बाहेर पडली. २०१६ च्या सुमारास महापालिकेने मोजणी केली तेव्हा सुमारे ४०,००० माचिया उरली होती आणि रोज सरासरी दोन नाहीशी होत होती.

अमेरिकन लेखक ॲलेक्स कर यांनी २००० नंतरच्या दशकात काही माचिया दुरुस्त करून पाहुण्यांना संपूर्ण घर भाड्याने द्यायला सुरुवात केली. रिकामं घर स्वतःचा खर्च स्वतः काढू शकतं, हे त्यातून दिसलं. २०१२ मध्ये महापालिकेने माचियांना पाहुण्यांसाठी स्वागतकक्ष ठेवण्याच्या अटीतून सूट दिली. मग परदेशी पर्यटकांची लाट आली. जपानमध्ये २०१३ मध्ये सुमारे १ कोटी परदेशी पाहुणे आले होते; २०१८ मध्ये हा आकडा ३ कोटी १० लाखांच्या पुढे गेला. साध्या इमारतींतले फ्लॅटही ऑनलाइन भाड्याने जाऊ लागले, त्यातले कित्येक विनापरवाना. आपल्याकडच्या शाकाहारी कुटुंबांनाही अशी घरं सोयीची वाटतात, कारण तिथे स्वतः स्वयंपाक करता येतो; बाहेरच्या साध्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. शेजाऱ्यांना मात्र दर दोन दिवसांनी नवी अनोळखी माणसं दिसू लागली.

१५ जून २०१८ पासून देशभर लागू झालेल्या कायद्याने अशा घरांना नोंदणी सक्तीची केली आणि वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली. क्योटोने त्याहून कडक पवित्रा घेतला. निव्वळ निवासी भागांत १५ जानेवारी ते १६ मार्च एवढ्याच काळात परवानगी दिली. मालक स्वतः राहत असलेली घरं आणि माचिया यांना त्यातून वगळलं. तक्रार आली तर दहा मिनिटांत पोहोचेल असा जबाबदार माणूस जवळ असण्याची अट घातली. वर्षभर चालणारी बरीच घरं म्हणूनच लॉज-वसतिगृहांच्या जुन्या कायद्याखालच्या परवान्यावर चालतात, ज्याला ही दिवसांची मर्यादा नाही. मला ही कडक भूमिका योग्य वाटते. भाड्याच्या उत्पन्नाने घर वाचलं आणि शेजार मात्र उठून गेला, तर त्या आळीत पाहण्यासारखं काय उरेल?

ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक पाहुण्याला दर रात्रीचा निवास करही आहे. मार्च २०२६ पासून त्याचे दर वाढले. माणशी रात्रीचं भाडं ६,००० येनपेक्षा कमी असेल तर २०० येन, त्यापुढे २०,००० येनच्या आत ४०० येन आणि सर्वांत महागड्या खोल्यांना १०,००० येन. घराचं भाडं कुटुंबात वाटलं जात असल्याने छोट्या घरात उतरणारे बहुधा पहिल्या दोन टप्प्यांतच बसतात.