सीट वर केली म्हणजे सायकल मोठी होत नाही

साडेसहा फुटी गडी सायकल घ्यायला गेला की त्याला कोल्हापुरात ठरलेला सल्ला मिळतो: "सीट वर घ्या की, बसतंय!" तालमींच्या या गावाला धिप्पाड माणसांचं अप्रूप नाही आणि सल्ला देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. पण तो चुकीचा आहे. पन्हाळ्याच्या उतारावर तर धोक्याचा.

सीटची नळी सरळ उभी नसते, जमिनीशी साधारण 73 अंशांचा कोन करून मागे कललेली असते. त्यामुळे सीट वर घेतली की ती मागेही जाते. किती, ते काढता येतं. भिंतीला पाठ टेकून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला 0.883 ने गुणा. क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांडीच्या) एक्सलपासून सीटपर्यंत किती अंतर हवं, ते आलं. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे हे सूत्र जगभर माहीत झालं. 165 सेंमी उंचीच्या माणसाची जांघ सुमारे 77 सेंमीवर असते, म्हणजे सीट 68 वर. 198 सेंमी उंचीच्या माणसाची 94 वर, म्हणजे सीट 83 वर. फरक 15 सेंमीचा. त्यातले साडेचार सेंमी सीट मागे सरकते आणि मागचं चाक मात्र होतं तिथंच राहतं. उंच माणसाचा भार मागच्या एक्सलच्या बराच जवळ जातो. चढ लागला की भार आणखी मागे जातो, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हवं तसं वळत नाही.

सीटवरून आठवलं. मुलांची उंची वाढावी म्हणून सीट मुद्दाम वर ठेवून सायकल चालवायला लावणारे पालक आहेत आणि तशा जाहिरातींना तोटा नाही. हाडं लांब होतात ती टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीत. पाय ताणून ती पट्टी जास्त काम करत नाही, आणि वयात आल्यावर काही वर्षांत ती हाडात बदलली की उंचीची वाढ थांबते. त्या सीटमुळे मुलाचे गुडघे आणि कंबर मात्र दुखतात.

उंच माणसांसाठी खास सायकली बनवणारे लोक सगळी सायकलच मोठी करतात. कोलोरॅडोतल्या बोल्डरचे लेनर्ड झिन क्रँकसुद्धा पायाच्या मापाने ठेवतात, जांघेच्या उंचीच्या सुमारे 21 टक्के. आपल्या साडेसहा फुटी गड्याला ती 197 मिलिमीटर येते. बाजारात 170 किंवा 175 ची मिळते. कॅलिफोर्नियाची 'डर्टीसिक्सर' तर 36 इंची चाकं बसवते. चाक मोठं झालं आणि हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी तेवढीच राहिली, तर तारांचा तिरकसपणा कमी होतो आणि चाक आडव्या जोराला नमतं. म्हणून हबही रुंद लागतो.

पण खरी गंमत आहे ती नळ्यांच्या जाडीत. उतारावर वेग वाढला की काही सायकलींचं हँडल अचानक थरथरू लागतं. याला वॉबल म्हणतात. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक जोरात ढकललं की फडफडतं, तसंच हे. पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा, हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं त्याच्या पाच-सहा सेंमी मागे असते. चाक जरा वाकडं झालं की रस्ता त्याला आडवा ढकलतो आणि चाक धरणाऱ्या चिमट्यामार्फत सगळी फ्रेम पिळली जाते. पिळलेली फ्रेम स्प्रिंगसारखी परत येते, सरळ रेषेच्या पलीकडे जाते आणि चाक दुसऱ्या बाजूला वळतं. हे सेकंदाला पाच-सात वेळा होतं. यासाठी लागणारी ऊर्जा सायकलच्या पुढे जाण्यातूनच मिळते. म्हणून एका वेगापुढे थरथर आपोआप विरत नाही, वाढत जाते. फ्रेम जितकी लवचीक, तितका हा वेग कमी.

आता हिशेब बघा. 198 ला 165 ने भागलं तर 1.2 येतात. फ्रेम 1.2 पट लांब केली. नळीचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे 1.73 पट. माणसाचं वजन उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतं असं धरू (बीएमआय याच अंदाजावर उभा आहे), म्हणजे 1.44 पट. दोन्ही भरून काढायचं तर ताठरता 2.49 पट हवी. भिंतीची जाडी तीच ठेवली तर पातळ भिंतीच्या नळीची ताठरता व्यासाच्या घनाने वाढते, तेव्हा 2.49 चं घनमूळ काढायचं: 1.36. नेहमीच्या स्टीलच्या सायकलची खालची तिरकी नळी 28.6 मिलिमीटरची असते. आपल्या गड्याला ती सुमारे 39 ची हवी. उंची 20 टक्क्यांनी वाढली, तर नळीचा व्यास 36 टक्क्यांनी वाढवावा लागतो! मोठ्या प्राण्याची हाडं लहान प्राण्याच्या हाडांपेक्षा प्रमाणाबाहेर जाड का लागतात, हे गॅलिलिओने 1638 साली सांगितलं होतं. तेच इथे नळ्यांना लागू पडतं.

याच जागी ग्राहकाची फसगत होते. "भारीतलं क्रोमोली स्टील घ्या, हलणारच नाही," असं त्याला सांगतात. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील, मजबूत असतं, उशिरा तुटतं, म्हणून त्याची नळी पातळ ठेवता येते. पण ताठरता वेगळी. साधं स्टील असो वा क्रोमोली, लवचीकतेचा गुणांक (धातू किती ताठर ते सांगणारा आकडा) जवळपास सारखाच, 200 गिगापास्कलच्या आसपास. एकाच मापाच्या दोन नळ्या, एक स्वस्त आणि एक महाग, सारख्याच जोराला सारख्याच वाकतील. वॉबलवर इलाज व्यासाचा आहे, मिश्रधातूचा नाही. ॲल्युमिनियमचा गुणांक तर स्टीलच्या एक तृतीयांश, म्हणूनच त्या फ्रेमच्या नळ्या एवढ्या जाड दिसतात.

शेतीची अवजारं आणि इंजिनाचे भाग घडवणाऱ्या उद्यमनगरातल्या कारागिरांना अशी फ्रेम जोडणं अवघड नाही. लेथ आहे, वेल्डिंगचा हात आहे. कुणी तसं काम द्यायला जाणार असेल तर सीटच्या उंचीआधी नळ्यांचे व्यास कागदावर लिहून न्यावेत: तिरकी नळी दीड इंची, वरची दांडी त्याच प्रमाणात जाड, आणि मागचं चाक नेहमीपेक्षा निदान चार-पाच सेंमी मागे. तोवर जुन्याच सायकलवर घाट उतरताना हँडल थरथरलंच, तर दोन्ही गुडघे दांडीला घट्ट दाबा, सीटवरचा भार थोडा उचला आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. गुडघ्यांच्या मांसल दाबाने थरथरीतली ऊर्जा शोषली जाते. हँडल आवळून धरल्याने मात्र ती बहुधा वाढते.